कचऱ्याचा टॅग अखेर लागला: थंडरबर्ड आणि सोसायटीची मेलपेटी

सोसायटीच्या मेलपेटीत येणाऱ्या तक्रारींना माझी स्क्रिप्ट विषय पाहून आपोआप टॅग लावते. कचऱ्याच्या काही मेल मात्र तिच्यातून सुटत होत्या. आता कचऱ्याचा टॅग त्या सगळ्या मेलना लागतो. काल रात्री जुन्या इनबॉक्सवरून स्क्रिप्टची पूर्ण फेरी मारली आणि विषयात ‘कचऱ्या’ असलेली एकही मेल सुटली नाही. मागच्या नोंदीत हा प्रश्न अर्धवट ठेवून लिफ्टच्या नियमांकडे वळले होते. आज त्याचं सगळं मूळ सापडलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मराठी मेलवर स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रत्येकाची इथे गाठ पडणारच आहे.

मांडणी तीच: थंडरबर्ड हा मेल वाचण्याचा प्रोग्राम, सोसायटीची आयमॅप पेटी (मेल सर्व्हरवरच राहणारी) आणि माझं छोटं मेल-एक्स्टेन्शन, म्हणजे थंडरबर्डला जोडलेली स्क्रिप्ट. नवी मेल आल्याची घटना पकडायची, विषय आणि मजकूर वाचायचा, नियमांच्या जेसन फायलीशी (साध्या मजकुरात मांडलेल्या यादीशी) ताडून पाहायचा, टॅग लावायचा. थंडरबर्डची जंक-छाननी आणि साधे फिल्टर उरकल्यावरच ही घटना आपल्या हाती येते, त्यामुळे दोघांची आपसात टक्कर होत नाही. हे मला या सोयीतलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं.

आता अडचण. ‘कचऱ्याची गाडी आली नाही’ अशा अगदी एकसारख्या विषयाच्या दोन मेल, दोन वेगवेगळ्या सभासदांच्या. एकीला टॅग लागला, दुसरी कोरडी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्या. दुसरीच्या विषयातून शब्द उचलून नियमात डकवला तर ती सापडायला लागली आणि पहिली हरवली! थंडरबर्डच्या साध्या फिल्टरवर करून पाहिलं, तिथेही तेच. म्हणजे दोष एक्स्टेन्शनमध्ये नव्हता, अक्षरांमध्ये होता.

कंट्रोल-यू दाबून मेलचा मूळ स्रोत उघडला. मराठी विषयाची ओळ तिथे बहुधा बेस-६४ मध्ये, म्हणजे बाइटना साध्या रोमन अक्षरांत लिहिण्याच्या रीतीत, बांधलेली असते. पण त्यात एक सोय लपलेली आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या रीतीत) ३ बाइट घेतं आणि बेस-६४ मध्ये ३ बाइटची बरोबर ४ अक्षरं होतात. म्हणजे विषय देवनागरी शब्दाने सुरू होत असेल तर पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत चार-चारचे गट पाडून नुसत्या डोळ्यांनी चिन्हं मोजता येतात. मोकळी जागा एकाच बाइटची, ती आली की पुढचे गट सरकतात. सुदैवाने आपला शब्द ओळीच्या सुरुवातीलाच होता. ‘कचऱ्या’चे एका मेलमध्ये सहा गट भरले, दुसरीत सात. एक चिन्ह जास्त होतं आणि ते दिसत नव्हतं.

मग कन्सोलमध्ये दोन्ही शब्द फोडून एकेका चिन्हाचा कोड छापला. पहिल्यात क, च, मग ऱ (०९३१), हलन्त, य, काना. दुसऱ्यात क, च, मग साधा र (०९३०), हलन्त, त्यानंतर २००डी, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, मग य आणि काना. दोन्हींतून पडद्यावर पापणीसारखा अर्धा र, आपला ऱ्य, अगदी सारखा उमटतो. यात कोणाची टंकलेखनाची चूक नाही. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या, देवनागरी नियमांत दोन्हींना जागा आहे. ऱ आणि हलन्त ही आयएससीआयआयशी (भारतीय लिप्यांच्या जुन्या कोड-प्रमाणाशी) जुळणारी मुख्य रीत, आणि र-हलन्त-जोडक ही युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. सभासदांचे कीबोर्ड, फोन, संगणक सगळे निराळे, म्हणून आमच्या पेटीत दोन्ही मिसळून येतात.

तिसरंही रूप आहे: साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), मग हलन्त. हे मला विषयात मिळालं नाही, जोडलेल्या फायलींच्या नावांत मिळालं.

मराठीत याचा फटका इतका का बसतो, तर शब्दाच्या शेवटी ‘रा’ असला आणि त्याला प्रत्यय लागला की ऱ्या हजर होतो. कचरा, कॅमेरा, दुसरा, तिसरा, फवारा. ‘पायरी’चं अनेकवचनसुद्धा. सोसायटीच्या तक्रारींमध्ये ‘दुसऱ्या मजल्यावर गळती’, ‘कॅमेऱ्याची वायर’, ‘पायऱ्यांवरची फरशी’ यांशिवाय असतंच काय! म्हणजे माझ्या नियमांपैकी जे सगळ्यात जास्त वापरात येतात, त्यांनाच हा घोळ चिकटलेला होता.

प्रत्यय येण्याआधीचा तुकडाच शोधावा असं सुचेल. ‘कचर’ शोधून पाहा. जोडकवाली आणि नुक्तावाली रूपं सापडतात, कारण तिथे खरोखरच साधा र आहे. पण ऱ हे युनिकोडमध्ये वेगळं अक्षर असल्यामुळे मुख्य रीतीने लिहिलेलं नेमकं निसटतं. आणखी मागे सरकून ‘कच’ धरलं तर कचेरी आणि कचोरीसुद्धा कचऱ्यात जाते. ती वाट बंद.

पुढची पायरी म्हणजे जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ, एकाच अक्षराची समतुल्य रूपं एक करणारं फंक्शन. त्याचा एनएफसी हा तुकडे जोडणारा प्रकार लावल्यावर र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, म्हणजे तिसरं रूप पहिल्यात विरघळतं. हे काम ते चोख करतं. जोडकवाल्या रूपाला मात्र ते हात लावत नाही, आणि एनएफकेसी हा त्याहून सढळ प्रकारही लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपं समतुल्य नाहीतच. ते आपलं आपणच करायला हवं.

इथे मोह होतो तो सगळे अदृश्य जोडक सरसकट पुसून टाकण्याचा. इंग्रजी किंवा इमोजीवाल्या मजकुरासाठी लिहिलेल्या बऱ्याच तयार तुकड्यांमध्ये तेच केलेलं असतं. मराठीत ते घातक आहे. र-हलन्त-जोडक-य मधला जोडक काढला की उरतो तो ‘सूर्य’मधला रफार. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना दिलेली सुपारी आचार्यांना जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे आणि तो मी असा पक्का केलाय: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडक या तिघांच्या जागी ऱ-हलन्त, आणि त्यानंतरच उरलेले जोडक आणि विजोडक (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) पुसायचे. शेवटची पायरीही हवीच, कारण ‘विश्वस्त’, ‘नक्की’, ‘शक्य’ अशा शब्दांत जोडाक्षर आडवं दिसावं म्हणून काही जण मध्ये जोडक घालतात. तिथे तो फक्त दिसण्यापुरता असतो आणि बिनधास्त काढता येतो.

या तीन पायऱ्यांना मी घडी म्हणते. ही घडी दोन्ही बाजूंना घालायची, मेलच्या मजकुराला आणि नियमाच्या शब्दालासुद्धा. नियम वाचतानाच एकदा घातली की प्रत्येक मेलमागे ते काम पुन्हा करावं लागत नाही. मूळ विषय तसाच ठेवायचा, घडी फक्त ताडण्यापुरती.

तपासणीसाठी दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना या जोड्या कायमच्या ठेवल्या आहेत. ‘कार्यालय’ही त्यात घातलं, कारण उपनिबंधक कार्यालयाच्या मेलला वेगळा टॅग आहे आणि तो बिघडला तर कमिटीला परवडणार नाही. या सगळ्या चाचण्या हिरव्या झालेल्या पाहणं हा काल रात्रीचा सगळ्यात गोड क्षण होता.

एकदा हे कळल्यावर बाकीची जुळी अक्षरं आपोआप दिसायला लागली. ॲ घ्या. या अक्षराला स्वतःचा कोड मिळाला तो २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि अजूनही बरेच जण तसंच लिहितात. एनएफसी या दोघांना एक करत नाही. ‘ॲग्रीमेंट’चा नियम भाडेकरूंच्या काही मेल का सोडून देतो याचं उत्तर मिळालं. ‘ऑडिट’चंही तेच: सरळ ऑ, आ वर चंद्र, किंवा अ ला ऑ ची मात्रा. तिन्ही घडीत घेतले. आकड्यांसाठी देवनागरी अंक इंग्रजी (0-9) करून घेते, कारण जावास्क्रिप्टला ‘२०४’ हा आकडा वाटतच नाही. पायथनला तो कळतो, आणि या एका गोष्टीसाठी पायथनबद्दल मला मनापासून आदर आहे.

शब्दसीमेबद्दलही लिहायलाच हवं. रेगेक्समधली (नमुना देऊन मजकूर शोधण्याच्या भाषेतली) नेहमीची शब्दसीमेची खूण जावास्क्रिप्टमध्ये रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेषा यांच्यापुरतीच चालते, देवनागरीसाठी ती निरुपयोगी आहे. त्याऐवजी युनिकोड गुणधर्म वापरून ‘याच्या आधी अक्षर किंवा मात्रा नसावी’ अशी अट घालते. उजवी बाजू मोकळी सोडायची, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात: बिलात, बिलाची, बिलासाठी. पण पूर्ण मोकळी सोडली तर ‘बिल’च्या नियमात ‘बिल्डर’ शिरतो. पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेल्या सोसायटीत बिल्डरच्या मेल देखभाल खर्चाच्या टॅगखाली जाणं अजिबात चालणार नाही. म्हणून पुढे लगेच हलन्त नसावा ही एक अट वाढवली. तेवढ्याने काम झालं.

हत्यारांबद्दल. अदृश्य चिन्हं शोधायला मला अजूनही विम हे मजकूर-संपादकच सगळ्यात भरवशाचं वाटतं. अक्षरावर कर्सर ठेवून जी-ए दाबलं की मूळ अक्षर आणि त्याला चिकटलेल्या मात्रा या सगळ्यांचे कोड खाली येतात, जी-८ ने बाइट. थंडरबर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-जे ने उघडणारं त्रुटी कन्सोल पुरेसं आहे, त्यासाठी वेगळं काही बसवू नका. फिल्टाक्विला हे फिल्टर वाढवणारं ॲड-ऑन अनेकांना आवडतं आणि त्याची रेगेक्सची ताकद खरी आहे. पण प्रयोगात्मक एपीआयवर (थंडरबर्डशी बोलण्याच्या अनधिकृत दारांवर) उभ्या असलेल्या कोणत्याही ॲड-ऑनला थंडरबर्डच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीशी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. ७८ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या ॲड-ऑनचा आधार गेला, तेव्हापासून मी अधिकृत मेल-एक्स्टेन्शन एपीआयच्या बाहेर पाऊल टाकत नाही.

याच फेरीत एक छोटी गोष्ट मार्गी लागली. मेल अद्ययावत करताना टॅगची यादी दिली की ती आधीच्या यादीची जागा घेते, तिच्यात भर पडत नाही. त्यामुळे अध्यक्षांनी हाताने लावलेला ‘तातडीचे’ टॅग स्क्रिप्टच्या टॅगखाली पुसला जाण्याचा धोका होता. आता आधीचे टॅग वाचून त्यात नवा मिळवते आणि मगच यादी परत देते.

पुढचा बेत खरं तर मजकुराच्या छाननीचा होता, पण हे लिहितानाच दुसरं सुचलं. आमच्या खजिनदारकाकांच्या संगणकावर ॲड-ऑन बसवायचं नाही असं ठरलेलं आहे, त्यांना साधे फिल्टरच हवेत. साधा फिल्टर घडी घालत नाही. पण घडी उलटी उलगडता येईल! नियमातल्या ‘कचऱ्या’वरून स्क्रिप्टनेच तिन्ही रूपं तयार करायची आणि ‘यांपैकी कोणतंही’ अशा अटींसह फिल्टरच्या फायलीत लिहायची. थंडरबर्ड आपले फिल्टर प्रोफाइलमध्ये साध्या मजकुराच्या एका फायलीत ठेवतो, प्रत्येक खात्याची वेगळी. थंडरबर्ड बंद असताना ती बदलली की झालं. एका शब्दात ऱ दोनदा आला तर रूपं नऊ होतात, पण आमच्या नियमांत असा शब्द नाही. ॲ आणि ऑ धरूनही यादी आटोक्यात राहील. म्हणजे नियम एकाच जेसन फायलीत, त्यातून माझ्यासाठी घडी आणि काकांसाठी उलगडा. मजकुराची छाननी मागे ठेवते, हे आधी.

आणि त्याआधीसुद्धा सभासदांची यादी. फ्लॅट क्रमांक शोधताना मेलवरचं आडनाव यादीशी ताडते, आणि गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे यांचे फ्लॅट मधूनमधून रिकामे का येतात हे आता आरशासारखं स्वच्छ आहे. यादी वाचणाऱ्या फंक्शनमध्ये घडीची एक ओळ घालायची आहे, ती आज रात्रीच घालते. काकांच्या फिल्टरचं बनेपर्यंत ज्यांना घडीचं फंक्शन हवं असेल त्यांनी वरचा क्रम तसाच्या तसा घ्या, पायऱ्या मागेपुढे करू नका. आणि तुमच्या पेटीत ऱ्यचं चौथं रूप आढळलं तर त्याचे कोड मला नक्की पाठवा.