स्क्रिप्टमधला पासवर्ड काढला: ऑरॅकल वॉलेटचा माझा अनुभव

रात्री आपोआप चालणाऱ्या आमच्या शेल स्क्रिप्टांमध्ये (कमांडच्या फाइलींमध्ये) ऑरॅकल डेटाबेसचे पासवर्ड सरळ लिहिलेले होते. ऑडिटमध्ये त्यावर बोट ठेवलं गेलं आणि काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला ऑडिटपेक्षा जास्त वैताग दुसऱ्याच गोष्टीचा होता: पासवर्ड बदलला की कुठल्या कुठल्या फाइलीत तो दडलाय ते शोधत बसायचं.

वॉलेट म्हणजे स्क्रिप्टबाहेर पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवायची जागा; ही सोय ऑरॅकलमध्ये 10जी रिलीज 2 या आवृत्तीपासून आहे. 'एमकेस्टोअर' ही ऑरॅकलची कमांड वापरून वॉलेट तयार केलं की फोल्डरमध्ये 'ईवॉलेट.पी12' आणि 'सीवॉलेट.एसएसओ' या दोन फाइली येतात. पहिली उघडायला वॉलेटचा पासवर्ड लागतो, दुसरी न विचारता उघडते. स्क्रिप्टा दुसरीच्याच जोरावर चालतात. मग टीएनएसचं नाव (डेटाबेसच्या पत्त्याला दिलेलं छोटं नाव) आणि युजर देऊन क्रेडेन्शियल, म्हणजे युजर-पासवर्डची जोडी, वॉलेटमध्ये टाकलं. पासवर्ड कमांडच्या ओळीत मुद्दामच दिला नाही, नाहीतर तो शेलच्या हिस्टरीत जाऊन बसतो. दिला नाही की एमकेस्टोअर स्वतःच विचारतं. 'एसक्यूएलनेट.ओरा' या सेटिंगच्या फाइलीत वॉलेटची जागा सांगून वॉलेट ओव्हरराइड ट्रू केलं, म्हणजे लॉगिनला वॉलेटमधलाच पासवर्ड वापरला जातो. आता एसक्यूएलप्लसला (डेटाबेसशी बोलायच्या कमांडला) फक्त तिरपी रेघ, ॲट आणि टीएनएसचं नाव. लगेच 'कनेक्टेड'!

हाताने चालवलं की सगळं सुरळीत, क्रॉनमधून (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सोयीतून) मात्र ओआरए-12154, म्हणजे टीएनएसचं नाव सापडत नसल्याची एरर. क्रॉन आपल्या लॉगिनची प्रोफाइल फाइल वाचत नाही, त्यामुळे टीएनएस ॲडमिनचा पाथ, म्हणजे या सेटिंगच्या फाइली कुठे आहेत ते, त्याला ठाऊकच नसतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला तो एक्स्पोर्ट केला आणि गाडी रुळावर आली. एका टीएनएस नावाला एकच क्रेडेन्शियल बसतं. म्हणून रिपोर्टच्या आणि बॅचच्या युजरसाठी त्याच डेटाबेसची दोन नावं करावी लागली.

टीममधल्या मुलाने विचारलं, "सर, ही एसएसओ फाइल कोणी उचलून नेली तर?" प्रश्न रास्त होता. टेस्ट सर्व्हरवर कॉपी करून बघितली, तर तिथूनही बिनबोभाट लॉगिन! मग 'ओरापीकेआय' या ऑरॅकलच्या दुसऱ्या कमांडने वॉलेट लोकल ऑटो लॉगिनचं केलं. असं वॉलेट ज्या मशीनवर, ज्या ओएस युजरने बनवलं तिथेच उघडतं. फोल्डरची परवानगी 700, फाइलींची 600, म्हणजे मालकाशिवाय कोणालाच हात लावता येत नाही. तरीही त्या ओएस युजरने आत शिरलेल्या माणसाला डेटाबेस मोकळाच, हे मी लेखी कळवलं आणि बॅच युजरचे नको ते ग्रँट (डेटाबेसमधले अधिकार) काढून घेतले. माझ्या मते वॉलेटइतकंच हेही गरजेचं होतं.

पासवर्ड बदलायचा दिवस आला की आता डेटाबेसमध्ये आल्टर युजर आणि लगेच वॉलेटमध्ये मॉडिफाय क्रेडेन्शियल, या दोन कमांड, एवढंच. फक्त त्या वेळेत क्रॉनचे जॉब थांबवून ठेवतो. डेटाबेसच्या डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये (युजरच्या नियमांच्या संचात) 10 वेळा लॉगिन फसलं की खातं लॉक होतं, आणि दर मिनिटाला धावणारा जॉब तिथवर पोचायला वेळ लावत नाही.