झाकण उघडायचं, झाकण लावायचं

खेळण्याच्या खोक्यावर छापलेला मजकूर मूल कधीच वाचत नाही. तो आपल्यासाठी असतो. ‘बुद्धीला चालना देणारे’, ‘हात आणि डोळे यांचा मेळ साधणारे’, ‘खेळता खेळता आकार, रंग आणि अंक’... दोन वर्षांच्या नातीसाठी असलं काही घरी आलं की मी चष्मा लावून ते सगळं वाचून काढतो आणि मला फार बरं वाटतं. तेवढ्या वेळात तिने खेळणं बाजूला सारून खोक्यात बैठक मारलेली असते.

यात तिचं काही चुकत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात खेळाला वाहिलेलं एक मोठं संग्रहालय आहे आणि त्यात नामांकित खेळण्यांचं एक सन्मानदालन आहे. तिथल्या मानकऱ्यांत २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला जागा मिळाली. पुढे २००८ मध्ये काठीला, २०११ मध्ये पांघरुणाला आणि २०२१ मध्ये वाळूला. निवड करणाऱ्यांत कोणीतरी दोन वर्षांचं मूल लपलेलं असावं असा मला दाट संशय आहे.

खोक्यावरची एकच गोष्ट खरोखर वाचण्यासारखी असते आणि नेमका तिचाच आपण भलता अर्थ लावतो. ‘३ वर्षांवरील मुलांसाठी’ असं दिसलं की आईबाप, आणि आजी-आजोबा तर हमखास, मनात म्हणतात, ‘आमची हुशार आहे, तिला आत्ताच जमेल.’ पण तो आकडा हुशारीचा नसतो, घशाचा असतो. खेळणी तपासताना साधारण ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक आखूड नळी वापरतात. खेळण्याचा सुटा तुकडा त्या नळीत पुरता मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचा नाही. मूल कितीही बुद्धिमान असो, वस्तूची पहिली परीक्षा ते तोंडानेच घेतं. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर त्याहून वाईट. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. म्हणून बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे की नुसती खिट्टी, हे मी खेळणं हातात घेतल्याबरोबर पाहतो. तेवढं झालं की माझं गंभीर काम संपलं.

मग सुरू होतो तिचा अभ्यासक्रम. तो कोणी छापलेला नाही. उंच खुर्चीत बसलेलं मूल चमचा खाली टाकतं. आपण उचलून देतो. ते पुन्हा टाकतं आणि वाकून बघतं. नंतर हात जरा बाजूला नेऊन टाकतं. घरोघरी याला ‘छळणं’ म्हणतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मात्र स्वतःच्या तीन मुलांचे असले उद्योग बारकाईने टिपून ठेवले. त्याचा मुलगा लोराँ दहा महिन्यांचा असताना हातातली वस्तू सोडून द्यायचा. कधी हात सरळ वर धरून, कधी तिरका, कधी डोळ्यांसमोर, कधी मागे. एखादी वस्तू नव्याच जागी पडली, उशीवर म्हणा, की तिथेच आणखी दोन-तीनदा. बाप शास्त्रज्ञ असला की छळाचा प्रयोग होतो! त्या वस्तू उचलून कोण देत होतं, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

१९७०च्या दशकात लंडनमध्ये ख्रिस अ‍ॅथी या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी लहान मुलांच्या अशा वागण्यातले साचे शोधले. मूल एकेका काळात एकेका हालचालीच्या नादी लागतं. कोणी वस्तू वर-खाली भिरकावतं, कोणी दिसेल ते गरागरा फिरवतं, कोणी सगळं कशात तरी कोंबून झाकून टाकतं, कोणी इकडची वस्तू तिकडे वाहून नेतं. आमच्याकडे सध्या वाहतूक खातं जोरात आहे. माझा चष्मा, लेकीच्या किल्ल्या, एक उशी, असा माल दिवसभर खोल्याखोल्यांतून हिंडत असतो. हे साच्याचं प्रकरण कळल्यापासून खेळणी निवडणं मला सोपं झालं. वाहतूक खात्याच्या प्रमुखाला अंकांचा तक्ता देऊन काय उपयोग? तिला बंदांची पिशवी द्यावी, दोरी बांधलेलं खोकं द्यावं. फेकणाऱ्याला ‘फेकू नकोस’ असं सांगत बसण्यापेक्षा गुंडाळलेले मोजे आणि एक बादली द्यावी. मोजे तसेही रोज गुंडाळायचेच असतात, आणि जोडीतला दुसरा शोधणं हा तर स्वतंत्र खेळ आहे. रंग, लांबी, जाडी, सगळं त्यात आलं. कुठल्याही खोक्यावर न छापता.

आता मारिया मॉन्टेसरी, इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ बाई. त्यांचं नाव आजकाल इतक्या वस्तूंवर चिकटवलेलं दिसतं की रंग फिका आणि लाकूड उघडं असलं की झालं, असं वाटावं. त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथली एक हकिगत मला फार आवडते. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. सगळे बसले की काढायचे आणि पुन्हा बसवायचे. तिचं लक्ष किती टिकतं ते पाहायला मॉन्टेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गायला-नाचायला लावलं. तरी ती हलेना. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीने दट्टे पटकन मांडीत गोळा केले आणि काम पुढे चालू. चाळिसाहून जास्त वेळा तिने तेच केलं, आणि मग कोणीही न सांगता आपण होऊन थांबली. चांगली प्रसन्न दिसत होती म्हणे.

त्या दट्ट्यांची खुबी अशी की एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एखादा बसत नाही, उरतो. चूक दाखवायला मोठं माणूस लागतच नाही. मॉन्टेसरींच्याच गुलाबी मनोऱ्यातही तेच. दहा घन, सगळ्यांत थोरल्याची कड १० सेंटिमीटर, सगळ्यांत धाकट्याची १. म्हणजे धाकट्यासारखे हजार तुकडे थोरल्यात मावतील. हे गणित मूल करत नाही, त्याचे हात करतात; थोरला दोन्ही हातांनी पेलावा लागतो, धाकटा चिमटीत येतो.

घरात हीच खुबी डब्यांत असते. खालच्या कपाटातला एक खण आम्ही नातीच्या नावे करून टाकला आहे. चार-पाच डबे, त्यांची झाकणं, दोन चमचे. झाकण चुकलं तर डबाच सांगतो. एकदा दाबून पाहायचं, एकदा फिरवून, मग माझ्याकडे बघायचं, मग दुसरं झाकण. या सगळ्यात माझं काम तोंड बंद ठेवण्याचं, आणि ते फार कठीण आहे. ‘अगं तसं नाही, असं!’ हे वाक्य घशापर्यंत येऊन उभं असतं. पलीकडून लेक म्हणते, “बाबा, तुम्ही नका लावून देऊ.” मी लावून देणारच नव्हतो. फक्त झाकण थोडंसं तिच्याकडे सरकवत होतो.

पाण्याचा खेळही असाच. मोरीत बसवून दोन पेले द्यायचे. इकडून तिकडे ओतायचं, सांडायचं, पुन्हा भरायचं. टबात दोन बोटं पाणी असलं तरी मूल एकटं सोडायचं नाही, एवढी एकच अट. बाकी त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, बघण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

काम चालू असताना गप्प बसावं म्हणजे मुकं व्हावं असं नाही. उलट माझी तक्रार आहे ती बोलणाऱ्या खेळण्यांबद्दल. कळ दाबली की प्राणी ओरडतो, दिवे लागतात, एक परका आवाज अंक म्हणून दाखवतो. मुलाकडे काम एकच राहतं, कळ दाबण्याचं. आणि मोठ्यांकडे तेवढंही राहत नाही. अमेरिकेत नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठात झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. १० ते १६ महिन्यांची मुलं आणि त्यांचे आईबाप, अशा २६ जोड्यांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. हाती आवाज करणारी खेळणी असताना मोठी माणसं कमी बोलली आणि मुलंही कमी आवाज काढत होती. साध्या खेळण्यांबरोबर बोलणं वाढलं, चित्रांच्या पुस्तकांबरोबर सगळ्यांत जास्त झालं. अभ्यास छोटाच, पण माझ्या बैठकीच्या खोलीतला अनुभव वेगळा नाही. खेळणं बोलायला लागलं की आम्ही दोघंही श्रोते होतो. ठोकळे पुढ्यात असले की मनोरा मी रचायचा, तिने पाडायचा, ‘धडाऽम’ दोघांनी म्हणायचं आणि ‘पुन्ना!’ तिने एकटीने.

अंकांचंही तेच. पाहुण्यांसमोर ‘एक, दोन, तीन’ म्हणून दाखवणारं मूल मोजत असतं असं नाही. ते पाठ म्हणत असतं. त्याच्यासमोर ठोकळे ठेवून ‘तीन दे’ म्हणा. मूठभर मिळतील. चांगली घसघशीत, प्रेमाने दिलेली मूठ. सांगितले तितकेच मोजून देणं साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास जमू लागतं, आणि तोवर जिन्याच्या पायऱ्या चढताना पावलागणिक एकेक अंक म्हणणं पुष्कळ झालं. पाय आणि आकडा एका ठेक्यात पडले की मोजणं अंगात मुरायला लागतं. तक्ता भिंतीवर असेना का, भिंत छान दिसते.

खेळणी किती असावीत यावर घरात मतभेद आहेत. भेटी येत राहतात, नाही कसं म्हणणार? अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ मुलांना एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत खेळू दिलं. दीड ते अडीच वर्षांची मुलं ती. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याचा जास्त तऱ्हांनी उपयोग केला. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून, म्हणजे मला कळल्यापासून, आमच्याकडे बरीचशी खेळणी माळ्यावर असतात. महिन्याभराने एखादं खाली येतं तेव्हा त्याचं स्वागत नव्यासारखंच होतं. लेक म्हणते, “बाबा, भेट देणाऱ्यांना काय सांगायचं?” मी म्हणतो, ते येतील त्या दिवशी त्यांचं खाली काढू.

त्यातलं एक मात्र परत वर गेलेलं नाही. तो गाणी म्हणणारा प्लॅस्टिकचा फोन होता. त्याचे सेल संपले आणि कोणीही नवे घातले नाहीत, मीही नाही. आता ती तो कानाला लावून खोलीभर फिरते, मध्येच थांबून कोणाला तरी रागावते, “नाई, नाई, आत्ता नाई,” आणि मग माझ्या कानाला लावून म्हणते, “बोल.”