आमच्या पोराची नोंद कशाला?

संमतीपत्र पुढे केलं की आई बहुधा गप्प बसते आणि बाप किंवा आजोबा विचारतात, "ताई, ह्याच्यावर सही करून आमच्या पोराला काय मिळणार?" जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दुर्मिळ आजारांचे रुग्ण नोंदवायचे, त्यांची माहिती आणि नमुने इतर केंद्रांना वापरता येतील असे ठेवायचे, हे माझं काम. ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाला दोन वाक्यांत उरकावं लागतं. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर सांगते.

थेट तुमच्या मुलाला बहुधा काहीच मिळणार नाही. या सहीनं औषध स्वस्त होत नाही, बोन मॅरोचा दाता सापडत नाही. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण तिचे कागद वेगळे, रांगही वेगळी.

पण तुमच्या हातात जो जनुकीय रिपोर्ट आहे, तो वाचता कसा आला? अँटिबॉडी तयारच न होणाऱ्या मुलांचं उदाहरण घ्या. हा आजार अमेरिकी डॉक्टर ब्रूटन यांनी 1952 साली वर्णन केला, त्यामागचं बीटीके हे जनुक 1993 मध्ये सापडलं आणि दोनेक वर्षांतच युरोपातल्या संशोधकांनी जगभरच्या रुग्णांमधले या जनुकातले बदल एका ठिकाणी मांडायला सुरुवात केली. 2006 पर्यंत 1,111 रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यांत 602 वेगवेगळे बदल होते. बहुतेक घराण्यांचा बिघाड आपापला. एका रुग्णालयानं कितीही वर्षं रुग्ण जमवले तरी हे चित्र दिसलं नसतं. आज रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला, की हाच बदल आणखी कुणा आजारी मुलात सापडलाय का, हे आधी बघतात. तो सापडतो, कारण तिकडे कुण्या अनोळखी बापानं सही केलेली असते.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, आणि टीबीचं प्रमाण पाहता ते योग्यच आहे. पण ज्या बाळात टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक मुख्य प्रकारच नाही, म्हणजे ज्याला एससीआयडी आहे, त्याच्यात लशीतले जिवंत जंतूच पसरू शकतात. किती बाळांत? एकेका केंद्राला याचं उत्तर देता येत नव्हतं. 2014 मध्ये 17 देशांतल्या 28 केंद्रांनी आपापल्या फायली एकत्र केल्या, तेव्हा लस मिळालेली अशी 349 मुलं सापडली. त्यांतल्या 51 टक्के मुलांना लशीचा त्रास झाला होता, आणि पहिल्या महिन्यात टोचलेल्यांना तो जास्त. म्हणून आता घरात आधीचं बाळ असं गेलेलं असेल, तर पुढच्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवा, असं आम्ही ठामपणे सांगतो.

भारतातही हे जमायला लागलंय. सीजीडी, म्हणजे ज्यात काही पांढऱ्या पेशींना गिळलेले जंतू मारता येत नाहीत, त्या आजाराच्या 236 रुग्णांचा देशभरातल्या केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास 2021 मध्ये आला. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः आईकडून मुलग्याला जातो. आपल्याकडे आई आणि वडील दोघांकडून येणाऱ्या प्रकाराचा वाटा बराच मोठा दिसतो. नात्यातली लग्नं हे त्याचं एक कारण. फॉर्ममध्ये 'मामाच्या मुलीशी लग्न?' असा रकाना आहे. सासूसमोर त्याचं उत्तर 'नाही' येतं, सासू चहाला गेली की बदलतं. असा रकाना कुठे बसून विचारायचा, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

सीजीडीच्या चाचणीचं रक्त हिरव्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत घेतात. बर्फात ठेवायचं नाही आणि शक्यतो चोवीस तासांत लॅबमध्ये पोचवायचं. सोबत आणखी एक नळी जाते, नात्यात नसलेल्या निरोगी माणसाच्या रक्ताची. बहुतेक वेळा ती एखाद्या रेसिडेंट डॉक्टरची असते. लॅबमध्ये पेशी चेतवल्या की निरोगी रक्तातल्या पेशी चमकतात आणि पडद्यावरच्या आलेखातला डोंगर उजवीकडे सरकतो. रुग्णाचा जागचा हलत नाही. बिघडलेलं जनुक फक्त आईकडून आलेलं असेल, तर तिच्या रक्तात दोन डोंगर दिसतात. निरोगी माणसाचाही डोंगर हलला नाही, तर दोष प्रवासाचा; नमुना पुन्हा मागवायचा. मुंबईत परळच्या केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी आहे म्हणून महाराष्ट्राला हे तुलनेनं सोपं. गडचिरोलीहून निघालेली नळी मात्र चोवीस तासांचं गणित सहज चुकवते.

नोंदवही सुरू करायला पैसे मिळतात, उद्घाटनाला फुलं मिळतात. ती चालू ठेवायला काही मिळत नाही. शिवाय 'माझे पेशंट, माझा पेपर' म्हणत फायली कपाटात ठेवणारे डॉक्टर मी पाहिलेत. आपल्या पेशंटांवर दुसराच कुणी पेपर छापेल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही, पण तोवर ती माहिती कुणाच्याच कामाची नसते.

नावाची काळजी करू नका. बाहेर जातो तो क्रमांक. अर्थात आजार इतका दुर्मिळ, की गाव आणि जन्मतारीख एवढ्यावरूनही मूल ओळखू येईल. म्हणून गाव गाळतो, तारखेऐवजी फक्त वर्ष ठेवतो. सही मागे घेतलीत तरी उपचारात फरक पडत नाही.

मोठं भगदाड पडतं ते 'पुढे काय झालं?' या रकान्यात. पाच वर्षांनी फोन लावावा तर नंबर बंद. मूल बरं होऊन शाळेत जातंय की दगावलं, कळायला मार्ग नाही. जे रुग्णालयात येत राहतात तेच मोजले जातात, आणि मग आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. तेव्हा सही केलीत, तर मामाचा किंवा काकांचा एखादा जास्तीचा नंबरही लिहून ठेवा.