तीन नंबरचा बावटा

रत्नागिरीत येणाऱ्या मित्रमंडळींसाठी शनिवार-रविवारच्या मैदानी सहली आखून देणे हा माझा व्यवसाय आहे. सायकल, कयाक, किल्ला आणि कातळावरची भटकंती हे सारे दोन दिवसांत बसवून हवे असणारे लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांपैकी बहुतेकांनी मला फोन करण्यापूर्वीच आपापसांत एक वेळापत्रक ठरवलेले असते. त्या वेळापत्रकात नाश्त्याला, फोटोंना आणि दुपारच्या झोपेला जागा असते, भरती-ओहोटीला नसते. पुण्याच्या ज्या गटाविषयी मी लिहीत आहे, त्यांचेही तसेच होते. कॉलेजपासूनचे सात मित्र-मैत्रिणी, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे, आणि त्यांतलेच एक उत्साही म्होरके. हे सारे मी त्या म्होरक्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे; नाव मात्र त्यांचेही नाही आणि इतरांचेही नाही.

त्यांनी पाठवलेल्या आराखड्यानुसार शनिवारी सकाळी दहा वाजता भाट्याच्या खाडीतून कयाक बाहेर काढून रत्नदुर्ग किल्ल्याला समुद्रातून वळसा घालायचा आणि मिरकरवाडा बंदरात उतरायचे, जेवून सायकलने आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन रात्रीपर्यंत परत यायचे, आणि रविवारी किल्ला व कातळशिल्पे पाहून निघायचे, असा बेत होता. नकाशावर तो देखणा दिसत होता. रत्नदुर्गाच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि त्या कड्यांवर आदळून परतणाऱ्या लाटा सरावलेल्या माणसालाही दमवतात. पहिल्यांदाच वल्हे हातात धरणाऱ्याला तिथे नेण्याचा प्रश्नच नव्हता. गणपतीपुळे किनाऱ्याच्या रस्त्याने एका बाजूला पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण शिरगाव सोडल्यावर रस्ता खाडीपाशी उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढतो, असे वारंवार होते. पुण्याच्या सपाट रस्त्यावर रोज सकाळी सायकल चालवणाऱ्यांनाही आरे-वारेची चढण अनपेक्षित वाटते. म्हणून मी जाऊन-येऊनची सायकल एकेरी केली आणि परतीला टेम्पो ठेवला.

खरी अडचण तारखेची होती. त्यांनी नोव्हेंबरच्या उत्तरार्धातले दोन शनिवार सुचवले होते. आमच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. पहिल्या शनिवारी वद्य चतुर्थी होती, म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनच्या सुमाराला आणि ओहोटीचा तळ सकाळी पावणेनऊच्या आगेमागे. दहा वाजता भाट्याच्या खाडीत त्यांना पाण्यापेक्षा चिखलच अधिक दिसला असता. पुढच्या शनिवारी एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. भरतीच्या पाण्याबरोबर पावणेसातला या खाडीला मिळणाऱ्या काजळी नदीत वरच्या अंगाला शिरायचे, सव्वाआठला पाणी थबकले की वळायचे आणि ओहोटीबरोबर अलगद खाली यायचे, तेही खारा वारा सुरू होण्याआधी. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वाहत असते आणि खाडी शांत असते. दहा-अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून हा वारा आला, की खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात, आणि नवख्या माणसाची कयाक तिथेच उलटते. छापील कोष्टकाशी ताडून पाहिल्यावर हिशेबात काही मिनिटांचाच फरक निघाला. मी दुसरा शनिवार कळवला. "पावणेसात सकाळी?" असा दोन शब्दांचा प्रश्न आणि त्यापुढे सात जणांची मिळून बरीच दुःखी चिन्हे आली, पण तारीख ठरली. ती कार्तिक वद्य एकादशी, म्हणजे आळंदीच्या यात्रेची. गटातल्या एका बाईंचा उपवास असल्यामुळे साबुदाण्याची सोय करायला हवी, एवढी एक नोंद वाढली.

यानंतर मी जे करते, त्याबद्दल काही गटांना आश्चर्य वाटते : मी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करते. मित्रांच्या घोळक्यात कोणी आपले दुखणे सांगत नाही. एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणी रक्तदाबाच्या गोळ्या घेत असते, कोणी कॉलेज सुटल्यापासून सायकलवर बसलेले नसते, आणि हे सारे परक्या माणसाला फोनवर सहज सांगितले जाते. या गटातही तसेच झाले. म्होरक्यांना मी सर्वांत शेवटी फोन केला, कारण कयाकचा आग्रह मुळात त्यांचा होता आणि तिथे काही निघेल असे मला वाटले नव्हते. पोहता येते का, या प्रश्नावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नाही येत. लहानपणी गावच्या विहिरीत पडलो होतो. ताई, हे बाकीच्यांना कळता कामा नये." लाइफ जॅकेट घातल्यावर पोहता येणे सक्तीचे नाही, पण मला माहीत असणे आवश्यक होते, असे मी त्यांना सांगितले आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे फक्त एक फुली केली.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळी आंबा घाट उतरून आली, तेव्हा अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी दोन दिवस जुनी झाली होती आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराही आला होता. रात्रीच्या जेवणात मी त्यांना कल्पना दिली. आभाळात चांदण्या होत्या, त्यामुळे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

शनिवारी पहाटे राजिवड्याच्या तांडेलांचा, म्हणजे होडीवरच्या प्रमुखांचा, फोन आला. आमच्या सर्व पाण्यातल्या कार्यक्रमांना त्यांची होडी सोबतीला असते आणि त्यांनी नाही म्हटले तर मी पुढे विचारत नाही. "ताई, तीन नंबरचा बावटा लागलाय. पोरांना पाण्यात नका घालू," एवढेच ते म्हणाले. पंचेचाळिशीच्या लोकांना पोरे म्हणण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. बंदरावर तीन क्रमांकाचा इशारा म्हणजे सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. मग होडी बाहेर जात नाही आणि माझी कयाकही खाडीत उतरत नाही, मग खाडी दिसायला कितीही शांत असो.

मी मुक्कामी पोचले तेव्हा मंडळी पडवीत तयार होऊन उभी होती. नारळाच्या झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या झाल्या होत्या आणि अधूनमधून पावसाचे चार थेंब आडवे येत होते. मी निर्णय सांगितला. सहा जण हिरमुसले, म्होरके भडकले. तीनशे किलोमीटर गाडी हाकत आलो ते झावळ्या बघायला का, खाडीत कसल्या आल्यात लाटा, तुम्ही लोक उगाच घाबरवता, असे त्यांनी पुष्कळ ऐकवले, आणि तेही सर्वांसमोर. मला त्यांच्या विहिरीची गोष्ट माहीत आहे, हे त्यांना माहीत होते. ते बोलत असताना माझे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. इतर सहा जणांनी ओल्या वाळूत चालतील अशा सॅंडल घातल्या होत्या. म्होरक्यांनी मोजे घालून, दुहेरी गाठ मारून डोंगर चढायचे बूट बांधलेले होते. मी त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला सविस्तर उत्तर दिले, आवाज जरासा चढवूनच दिले, आणि शेवटी कयाक रविवारी सकाळवर टाकत असल्याचे जाहीर केले. हा वाद मी एरवीपेक्षा अधिक मनापासून घातला, कारण तो सगळ्यांसमोर हरणे त्यांना हवे होते, असे मला वाटले.

सायकलींचाही बेत बाद केला. किनाऱ्याच्या रस्त्यावर सड्याच्या कडेला आडवा वारा लागतो आणि त्याचा झोत आला की सायकल एका हाताच्या अंतराने रस्त्याच्या मध्याकडे सरकते. त्याच क्षणी मागून एखादी गाडी येत असेल तर पुढचे सांगायला नको. समुद्राकडे पाठ करून मी मंडळींना उक्षीला नेले. निघण्यापूर्वी विजांचा इशारा नसल्याची खात्री करून घेतली, कारण उघड्या सड्यावर माणूसच सर्वांत उंच असतो.

उक्षीचे कातळशिल्प हत्तीचे आहे. जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेल्या या शिल्पाभोवती चिऱ्यांची गोल भिंत बांधलेली आहे आणि वरून पाहता येईल अशी जागा केली आहे. कोकणातल्या अशा शिल्पस्थळांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्या नऊ ठिकाणांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, आणि उक्षी त्यांतले एक. ही शिल्पे कोणी आणि नेमकी कधी कोरली यावर अभ्यास चालू आहे, पण आज इथल्या रानात नसलेले हत्ती आणि गेंडे त्यांत सापडतात, यावरून ती किती जुन्या काळाकडे बोट दाखवतात ते ध्यानात येते. हे सारे मी नेहमी सांगते आणि लोक माना डोलावतात. अडचण अशी, की भर दुपारच्या उन्हात कोरीव रेषा दिसतच नाहीत. काळपट कातळावर हत्ती शोधावा लागतो, आणि पाच मिनिटांत मंडळी सावलीकडे वळतात.

त्या दिवशी आम्ही पोचायला आणि एक सर येऊन जायला एकच गाठ पडली. पाणी कातळावरून वाहून गेले होते आणि फक्त खाचांमध्ये उरले होते. त्यामुळे हत्तीची पाठ, सोंड, पाय अशी प्रत्येक रेषा पाण्याने भरून आभाळाच्या करड्या उजेडात लखलखत होती, आणि वाऱ्याची झुळूक आली की ती सगळी आकृती एकदम शहारत होती. मी उक्षीला वर्षानुवर्षे जाते. असा हत्ती मी तोवर पाहिला नव्हता. उपवास असलेल्या बाई भिंतीवर हात टेकून इतका वेळ उभ्या राहिल्या, की त्यांचे कोपर जांभ्याच्या रंगाने तांबडे झाले. कोणीतरी विचारले, की हे कोरणाऱ्यांनी पावसातच पाहायचे ठरवले असेल का. मी उत्तर दिले नाही, कारण ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही; पण तेव्हापासून आकाश भरून आलेले असेल तर मी उक्षीचा कार्यक्रम रद्द करत नाही.

ओल्या जांभ्यावर शेवाळ धरते, म्हणून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सद्गृहस्थांना मी सड्यावर फार फिरू दिले नाही. परतल्यावर जेवून दुपारी आम्ही थिबा राजवाड्यात गेलो. ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इथे आणून ठेवले, त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजा वारला. मैदानी सहलीत इतका इतिहास पुरतो. संध्याकाळी रत्नदुर्गावर चढलो. एका बाजूला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या समुद्राची फिकी वाळू एकाच जागेवरून दिसते, हे दाखवायला मी लोकांना तिथे नेते; त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या नजरा खाली मिरकरवाड्याकडे होत्या. आसऱ्याला आलेल्या नौका एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या, की मधले पाणी दिसत नव्हते. त्यांत परराज्यातल्याही होत्या. म्होरके तटापाशी बराच वेळ उभे राहिले. "हे सगळे रोज जाणारे लोक आहेत ना?" त्यांनी मला हळूच विचारले. मी हो म्हटले.

रविवारी पहाटे बावटा उतरला. द्वादशीची पूर्ण भरती नऊच्या सुमाराला होती, त्यामुळे साडेसातला सुरुवात केली. बाहेर समुद्राला अजून फुगवटा होता, म्हणून आम्ही भाट्याच्या पुलाच्या खाली न जाता वरच्याच अंगाला राहिलो. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात उताणे तरंगून दाखवायचे, हा माझा सर्वांसाठीचा नियम आहे. अशा नियमात कोणा एकाकडे बोट जात नाही. म्होरक्यांची पाळी आली तेव्हा तांडेल त्यांच्या डोक्याच्या मागे पाण्यात उभे राहिले. म्होरक्यांनी जॅकेटचा पट्टा इतका घट्ट पकडला होता, की बोटांची पेरे पांढरी पडली होती. तांडेल फक्त "कान पाण्यात जाऊ दे" असे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. काही वेळाने मान सैल झाली, कान बुडाले आणि पाय आपोआप वर आले. दोन माणसांच्या कयाकमध्ये मी त्यांना पुढे बसवले आणि मागे तांडेलांचा पुतण्या बसला. कांदळवनाच्या कडेकडेने ते नीट वल्हवत गेले, आणि पाणी थबकल्यावर सर्वांबरोबर वळून परत आले.

दुपारी सुरमईच्या ताटावर भात कालवता कालवता त्यांनी स्वतःच विषय काढला. आपल्याला पोहता येत नाही, हे आजवर कोणाला सांगितले नव्हते, असे ते म्हणाले. टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग काल उपवास असलेल्या बाईंनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "अरे, कॉलेजच्या सहलीला धरणावर गेलो की तू सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचास. आम्हाला तेव्हापासून माहीत आहे." यावर जो हशा उसळला, त्यात सर्वांत मोठ्याने म्होरकेच हसले.

आंबा घाट उजेडात पार व्हावा म्हणून मी त्यांना अडीचलाच काढले. सायकली दोन्ही दिवस भिंतीला टेकून राहिल्या होत्या, म्हणून त्यांचे भाडे मी बिलात धरले नव्हते. म्होरक्यांनी ते तरीही दिले आणि आरे-वारेच्या चढणीसाठी जमा ठेवायला सांगितले.