ओम्नीचं बूड वर आणताना

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक मोरी आहे. तिच्यावरून गाडी उतरली की मागून खर्रर्र आवाज व्हायचा आणि बाबा पडवीतूनच विचारायचे, "आलास व्हय?" हॉर्न वाजवायची गरज नव्हती, सायलेन्सरच वर्दी द्यायचा.

गाडी २००४ ची मारुती ओम्नी, केए-२२ पासिंग. आम्ही बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीकडचे. पावसाळ्यात तांबड्या चिखलाचे रस्ते आणि सुगीला रताळी. रताळ्याची पोती याच गाडीतून मार्केट यार्डात गेली. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पोती भरायची नसतात हे मला माहीत आहे, पण टेम्पोवाला वेळेवर आला असता तर भरलीच नसती. त्यात आधीच्या मालकानं मागे गॅस किटची टाकी बसवलेली. वीस वर्षांत गाडी अशी बसली, की रिकामी उभी असली तरी मागे चार पाहुणे बसल्यासारखी दिसायची.

पहिली चूक माझीच. जवळच्या गॅरेजात "शॉकअप गेलेत" म्हणाले आणि मी मान हलवली. नवे मागचे शॉकअप बसले, गाडीचे हेलकावे थांबले. उंची मात्र सूतभरही वाढली नाही. वाढणार कुठून? तेलाचा साधा शॉकअप उसळी आवरतो, वजन पेलत नाही. ओम्नीला मागे ट्रकसारखे पाटे असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या, गाडीचं ओझं त्यांच्यावर. हे मला पैसे देऊन झाल्यावर कळलं.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. टिप्पर चालवणारा मावसभाऊ म्हणाला, एक जादा पाटा घाल. दुसरा एक मिस्त्री म्हणाला, पाट्याच्या मागच्या टोकाची शॅकल, म्हणजे ते टोक गाडीला जोडणारी कडी, लांब करून देतो, तासाभराचं काम. ते स्वस्त होतं म्हणून मी जवळजवळ हो म्हणालो होतो. रात्री कागदावर आकृती काढली तेव्हा लक्षात आलं, की शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी उचलणार साधारण एकच इंच, कारण पाट्याचं पुढचं टोक जागच्या जागी राहतं. शिवाय पाटा तिरका होऊन हौसिंगही, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला ॲक्सलही, फिरणार. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, मधे ती ओढ मागे नेणारा फिरता दांडा, प्रोपेलर शाफ्ट. हौसिंगचा कोन बदलला की शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो आणि वेगात गाडी थरथरते. राहू दे म्हटलं.

यावेळी आधी मापं घेतली. बायकोच्या शिलाईची टेप, सपाट फरशी, गाडी रिकामी. जमिनीपासून नाही मोजायचं, हवा कमीजास्त असली की फसतं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं: डावीकडे २९ सेंटीमीटर, उजवीकडे ३०. शेजारच्या गावात एका गुरुजींची क्वचितच बाहेर निघणारी ओम्नी आहे. त्यांनी चहा पाजला, टेप लावू दिली आणि "गाडी विकणार नाही हं" असंही बजावलं. तिथं दोन्हीकडे साडेतेहतीस. म्हणजे मला गाडी उंच करायची नव्हतीच, गेलेले साडेतीन-साडेचार सेंटीमीटर परत आणायचे होते. त्याहून जास्त हावही नको. अरुंद, उभट गाडी, चोर्ला घाटाच्या वळणांवर तिला आणखी उंच करणं म्हणजे आपणच आपल्याला खड्ड्यात घालणं.

ऑटोनगरात ट्रकचे पाटे ठोकणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी खाली वाकून बघितलं. "शॉकअप नवे दिसतात. कोण सांगिटलं?" मी गप्प. जादा पाट्याचं विचारलं तर म्हणाले, "रोज पोती नेता काय? नाही न्हवं? मग रिकाम्या गाडीत कंबर मोडून घ्यायची हाय व्हय?"

पाटे उतरवल्यावर डावीकडच्या एका आखूड पाट्याला चीर निघाली. गाडी डावीकडे जास्त का बसली होती ते तिथंच कळलं. तो पाटा नवा घेतला. बाकीचे पाटे सुटे करून, गंज घासून, चाचांनी ऐरणीवर घेतले आणि थंडच ठोकले. घणाचे घाव सुताच्या अंतरानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मधेच उचलून जमिनीवर खडूनं काढलेल्या कमानीशी ताडून बघायचं, पुन्हा ठोकायचं. मी विचारलं, गॅसनं तापवून वाकवलं तर लवकर होईल ना? ते हसले. नुसतं तापवून गार होऊ दिलं की पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, जातं, चार महिन्यांत गाडी पुन्हा खाली. तापवलं तर परत पाणी द्यायची सोय हवी. दोन्ही बाजूंच्या कमानी जुळेपर्यंत दीड तास गेला आणि मी तेवढा वेळ उभ्यानं बघत होतो. गेल्या कित्येक वर्षांत कुणाचं काम इतकं मन लावून बघितलं नव्हतं.

जोडताना पाट्यांमधे ग्रीस, सेंटर बोल्ट नवे, पाट्याच्या टोकांतले रबरी बुश नवे, पाटे हौसिंगला आवळून धरणारे यू बोल्टही नवेच. जुने यू बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत. बुशचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना नुसते अडकवून ठेवले आणि चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावरच आवळले. अधांतरी आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी नीट बसत नाही आणि बुश लवकर फाटतो. ब्रेकचा रबरी होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हेही बघून घेतलं. मजुरी, सामान सगळं मिळून त्या शॉकअपएवढेच पैसे गेले.

पहिल्या दिवशी दोन्हीकडे ३४. पंधरा दिवसांनी यू बोल्ट पुन्हा आवळायला गेलो, नटांनी पाव पाव वळसा घेतलाच. तोवर माप ३३.५ वर येऊन थांबलं होतं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. मागचा भाग वर आला की पुढचे दिवे खाली बघायला लागतात. त्या रात्री गावाकडे येताना उजेड चार हातांवर पडत होता. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर गाडी लावून दिवे वर करून घेतले.

आता मोरीवरून गाडी बिनआवाज उतरते, त्यामुळे बाबांना कळत नाही आणि दार उघडायला उशीर होतो. आजीची तक्रार वेगळीच. तिला सरकत्या दारातून चढता येईना. पाटे ठोकून घेतले खरे, पण तिच्यासाठी आता देवघरातला पाट गाडीत ठेवावा लागतो.