वाघ गिऱ्हाइकाचा, कुत्रे माझे

भाचीने दंडावर वाघाचे तोंड गोंदवून घ्यायचे ठरवले. घरातले कोणीतरी मोठे माणूस सोबत हवे, ही तिच्या आईची अट होती. त्यामुळे पुण्यात डेक्कनजवळच्या एका टॅटूच्या दुकानात मला सलग चार तास बसावे लागले. तिथल्या टॅटू काढणाऱ्या मुलाने तिचा दंड साबणाच्या पाण्याने पुसला, जांभळ्या रेघांचा स्टेन्सिलचा कागद त्यावर दाबून हळूच सोलून काढला आणि मशीन सुरू केले. बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा तो आवाज मग संध्याकाळपर्यंत थांबला नाही. भिंतीवरचे गरुड, त्रिशूळ, सिंह आणि काटे मोडलेली घड्याळे दोन-दोनदा पाहून झाल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावर रबरबँड लावलेला कागदांचा एक गठ्ठा दिसला. परवानगी घेऊन मी तो सोडला, तर त्यात निव्वळ कुत्रे होते. एक रिक्षाखाली आडवा झालेला, एक पावसात दुकानाच्या पायरीवर मुटकुळे करून बसलेला, एक वडापावच्या गाडीकडे अत्यंत सभ्यपणे पाहणारा. सगळे काळ्या शाईत होते, कुठे कुठे पाण्याचा हात फिरवलेला, आणि प्रत्येकाच्या खाली सही. भिंतीवरच्या एकाही नमुन्याखाली सही नव्हती, हे तेव्हा लक्षात आले.

"हे कोणी गोंदवून घेते का?" मी विचारले. हात न थांबवता तो म्हणाला, "नाही काका. वाघ गिऱ्हाइकाचा, कुत्रे माझे."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. चित्रकाराचे चित्र विकले जाईपर्यंत त्याच्या भिंतीवर तरी असते आणि कवीजवळ त्याची वही असते. टॅटू काढणाऱ्याचे काम मात्र पूर्ण होताच खुर्चीवरून उठते, पैसे देते आणि दार उघडून निघून जाते. हाती उरतो तो त्या वेळचा फोटो, त्यातही कातडी लाल आणि सुजलेली. सुई त्वचेत एक-दोन मिलिमीटर शिरून शाई सोडते आणि त्वचेतल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात. वर्षे जातात तशी रेघ जाडावते आणि उन्हाने काळा रंग हिरवट-निळा होतो. आपले चित्र म्हातारे होताना कसे दिसते, हे काढणाऱ्याला सहसा कळतच नाही.

माझ्या आजीला याच गोष्टीचे कौतुक होते. तिच्या उजव्या हातावर तुळस गोंदलेली होती आणि तिच्याखाली ठिपके होते. "मेल्यावर अंगावरचे सगळे काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते," असे ती सांगायची. ते गोंदण आठवडी बाजारात येणाऱ्या एका गोंदणारणीने सूपभर ज्वारीच्या मोबदल्यात काढले होते. आजीला त्या दिवसाचे ऊन आठवत होते, आपण किती रडलो तेही आठवत होते, पण त्या बाईचे नाव तिला कधीच ठाऊक नव्हते. गोंदण खरोखरच तिच्याबरोबर गेले. आता वाटते की त्या बाईच्या बाजूने पाहिले तर तिचे सारे आयुष्याचे काम असेच गावोगावच्या चितांवर जळून गेले असणार.

अमेरिकेतले टॅटू काढणारे डॉन एड हार्डी यांचे नाव आपल्याकडे पदपथावरच्या भडक टी-शर्टांवरून पोचले. माझ्याकडेही तसा एक होता, अर्थातच नकली, आणि हार्डी हा खराखुरा माणूस असेल अशी मला शंकाही आली नव्हती. १९४५ मध्ये जन्मलेल्या हार्डींनी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमधून मुद्राचित्रणाची, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याच्या कलेची, पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी येल विद्यापीठाचे दार उघडे असताना ते बाजूला सारून त्यांनी गोंदण्याची सुई हातात घेतली. त्यांच्या या ओढीला खतपाणी घालणारे गृहस्थही वेगळेच होते. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे सॅम्युअल स्टुअर्ड प्राध्यापकी सोडून फिल स्पॅरो या नावाने टॅटू काढत आणि कादंबऱ्याही लिहीत. जपानी गोंदणाचे पुस्तक हार्डींना त्यांनीच दाखवले. १९७३ मध्ये हार्डी जपानमधील गिफू येथे होरिहिदे या गोंदणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत असे दुकान काढले, जिथे भिंतीवरचा नमुना निवडण्याची सोयच नव्हती. गिऱ्हाइकाने आगाऊ वेळ ठरवून यायचे, मनातली कल्पना सांगायची आणि हार्डींनी तिचे चित्र करायचे.

मला मात्र त्यांच्या मुद्राचित्रणाच्या शिक्षणात गंमत वाटते. त्यातल्या अम्लरेखन या प्रकारात तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देतात, सुईने त्यावर ओरखडे काढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. आम्ल फक्त ओरखड्यांच्या जागी तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून कागद दाबला की एकाच पत्र्यावरून पन्नास प्रती निघतात. सुई तीच आणि शाईही तीच. फक्त तांब्याऐवजी माणूस आला की प्रत एकच आणि तीही परक्या घरी राहायला जाते. हार्डी पुढे पुन्हा कागदाकडे वळले. १९८२ मध्ये त्यांनी टॅटूविषयी नियतकालिक काढले, पुस्तके छापली, चित्रे काढली. २००० हे साल चिनी पंचांगाप्रमाणे ड्रॅगनचे होते. त्या निमित्ताने त्यांनी टायवेक या न फाटणाऱ्या कागदासारख्या पदार्थावर चार फूट रुंद आणि पाचशे फूट लांब पट रंगवला आणि त्यावर दोन हजार ड्रॅगन काढले. एकामागे एक डझनभर एसट्या उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, साधारण तेवढा हा पट. एवढी मोठी पाठ असलेले गिऱ्हाईक जगात मिळणार नव्हते. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले.

एवढ्या लांब जाण्याचीही गरज नाही. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात बैगा आदिवासी स्त्रियांना गोंदण्याचे काम बादी समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. कारळ्याच्या तेलाच्या काजळीची शाई आणि सुयांची जुडी, एवढीच त्यांची सामग्री. मुली गोंदवून घेण्यास नाखूश होऊ लागल्या, तशा त्यांच्यातल्या मंगलाबाई मरावी आई शांतीबाईंकडून शिकलेली तीच नक्षी कागदावर आणि कॅनव्हासवर काढू लागल्या. बिहारमधल्या मिथिलेत याच्या उलट घडले. तिथे जितवारपूरच्या चानोदेवींसारख्या दुसाध या दलित जातीतल्या बायकांनी आपल्या हातापायांवरचे गोदना स्वतःच कागदावर उतरवले. गोंदणाऱ्या नटिणींना त्यातून काय मिळाले, हा प्रश्न मला उगाचच छळतो.

भाचीचा वाघ झाला, त्यावर पारदर्शक पट्टी बसली, नेहमीचा फोटोही निघाला. हात धुऊन तो मुलगा चहा पिऊ लागला, तेव्हा मी जरा संकोचत आजीच्या गोंदणाविषयी सांगितले आणि ते कागदावर काढून देशील का, असे विचारले. तुळस त्याने दोन मिनिटांत शाईने काढली. मी म्हणालो, "पाने जरा टोकदार होती," तशी त्याने ती टोकदार केली. मग खाली ठिपके किती, असे त्याने विचारले. मी पाच म्हणालो, पण आवाजात जोर नव्हता. मावशीला फोन लावला. "पाच कुठले? सात होते रे," ती म्हणाली. मागून मामांचा आवाज आला की ठिपके नव्हतेच, ती चंद्रकोर होती. बराच वेळ वाद चालला आणि मावशी मध्येच रडू लागली. फोन ठेवेपर्यंत त्याने तुळशीखाली ठिपके काढले होते, अगदी पुसट, पेन्सिलीने. कागद माझ्या हातात देण्यापूर्वी त्याने सहीसाठी पेन उचलले, क्षणभर थांबला आणि टोपण लावून ते परत खिशात ठेवले.