दोऱ्याने शिवलेली पुस्तकं : आमची वाटचाल

नैरोबीत रिव्हर रोड आणि किरिन्यागा रोडच्या पट्ट्यात छापखान्यांना तोटा नाही. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, निवडणुकीची पोस्टरं, सगळं तिथे रातोरात होतं. कवितेचं पुस्तक दोऱ्याने शिवून देणारे मात्र थोडे, आणि त्यांत आम्ही आहोत. या शहराच्या छपाईत आपली माणसं जुनी आहेत. गिरधारीलाल विद्यार्थींनी 1933 मध्ये इथे ‘कलोनियल टाइम्स’ सुरू केलं आणि पुढे राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगला. मूळ गोव्याच्या कुटुंबातले पियो गामा पिंटो यांनी पॅन आफ्रिकन प्रेस उभी केली; 1965 मध्ये त्यांचा खून झाला. आम्ही वर्तमानपत्रवाले नाही, पण याच गावात शाईत हात घालतो याचा अभिमान आहे.

आमचा कणा म्हणजे हायडेलबर्गचं जीटीओ 52, एकरंगी ऑफसेट मशीन. कागद घेतं 36 बाय 52 सेंटिमीटर. डेमी आकाराची चार पानं एका बाजूला बसतात, पाठपोट आठ. म्हणजे 96 पानांच्या संग्रहाला 12 ताव, 24 प्लेटा. दोन ताव एकात एक घातले की 16 पानांचा फॉर्मा, असे सहा फॉर्मे शिवायचे. 500 प्रती हव्या असतील तर दर तावामागे 75 जादा धरून 6,900 ताव कापून ठेवतो. ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, पाठीला समांतरच हवी. ती आडवी गेली तर पुस्तक उघडं राहत नाही आणि पाठीजवळ लाटा येतात.

कवितेची छपाई गद्याहून अवघड, हे गिऱ्हाइकांना पटत नाही. पान अर्धं रिकामं असतं, त्यामुळे मागच्या पानाची छपाई तिथे डोकावते. पाठपोट ओळी एकमेकींवर तंतोतंत आल्या तर ते लपतं, म्हणून मांडणीतच ओळींचं अंतर बांधून घ्यावं लागतं. वीज गेली की दुसरा ताप. मशीन मध्येच थांबलं तर प्लेटला लगेच गोंदाचा हात द्यायचा, नाहीतर ती हवेने खराब होऊन रिकाम्या जागी काळे ठिपके उमटतात. गद्यात ते खपून जातात, कवितेत नाहीत. तीनपैकी एकच फेज गेली तर मोटर जळते, तेव्हा अशा वेळी मोटर बंद करणारा फेज प्रिव्हेंटर नसलेल्या मशीनवर आम्ही कोणाचं काम घेत नाही.

स्वाहिलीतल्या ‘शाईरी’ या छंदोबद्ध कवितेची ओळ साधारण 16 अक्षरांची, आठव्यावर यती. मराठी वाचकाला घनाक्षरी आठवेल. यतीच्या जागी मोकळी जागा सोडायची असते, त्यामुळे खिशातल्या आकारात ओळ तुटते. डेमी किंवा ए5 च घ्यावा. इथल्या गिकुयू भाषेतली कविता असेल तर आय आणि यू या अक्षरांवर नागमोडी रेघ येते. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नसतात आणि संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो. पडद्यावर हे कळत नाही, कागदी प्रुफावर लगेच दिसतं.

आता मूळ गोष्ट. 2013 च्या कायद्याने पुस्तकांवर 16 टक्के व्हॅट बसला, तो आम्ही कसाबसा पेलला. 2018 पासून सरकार शालेय पुस्तकं प्रकाशकांकडून थेट शाळांत पोचवू लागलं, तेव्हा दुकानदारांची मागणी आटली आणि त्यांच्यावर चालणारी आमची गाइडांची छपाईही गेली. त्याच सुमारास शेजारच्या मोठ्या छापखान्याने आमचा बाइंडर जास्त पगार देऊन ओढला. शिवणयंत्र त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं. यंत्र झाकून ठेवावं लागलं, शाईचे आणि कागदवाल्याचे पैसे थकले. मार्च 2020 मध्ये शाळाच बंद झाल्या. छापखाना विकायची बोलणी सुरू होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या जुन्या कवयित्री, ज्यांना आम्ही सगळे म्वालिमू, म्हणजे बाई, शिक्षिका म्हणतो, त्यांचा दुसरा संग्रहही त्या छापखान्यातच गेला होता. प्रकाशनाचा खर्च उचलणाऱ्या संस्थेला तीन कोटेशनं हवी होती आणि सगळ्यांत स्वस्त ते मंजूर झालं. आमच्या कोटेशनात 80 जीएसएमचा जाड कागद आणि शिवण होती. त्यांनी 60 जीएसएमचा पातळ कागद घातला, पाठ कापून गरम गोंद लावला, आणि तेही जुलैत. जुलैत नैरोबीची सकाळ गार असते. गोंद भांड्यात 170 अंशांवर असला तरी थंड कागदाला लागताच गोठतो, कागदाच्या तंतूंत मुरत नाही. प्रकाशनाला लेखक सहीसाठी पुस्तक पहिल्याच पानावर दाबून उघडतात. तिथेच पाठ तडकली आणि सहीचं पान वाचकाच्या हातात आलं. तरी त्या छापखान्याच्या नमुन्यांच्या अल्बममध्ये त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ अजून मिरवतंय. याचं दुःख आम्हाला आहे, आणि राहील.

तिसरा संग्रह म्वालिमूंनी स्वतःच्या पैशाने आमच्याकडे आणला. कोटेशन एकच. आगाऊ रक्कम सगळी दिली, त्यातून कागद आला आणि शिवणयंत्रावर नवा मुलगा तयार झाला. सहा फॉर्मे, मलमली पट्टी, पाठीला थंड पीव्हीए गोंद आणि रात्रभर वजनाखाली. प्रकाशनात त्यांनी आभार मानले ते असे: आधी प्लेटा लावणाऱ्याचं नाव, मग मशीनमनचं, मग शिवणाऱ्या मुलाचं. तिघांना उभं केलं. “माझ्या ओळी या फुंडींनी, या कारागिरांनी बांधल्या,” म्हणाल्या, आणि प्रत मध्यावर उघडून टेबलावर पालथी ठेवली. मान्यवरांचे आभार त्यानंतर. छापखान्याच्या माणसांना एवढा मान मिळालेला आम्ही या शहरात दुसरीकडे पाहिलेला नाही. ते ऐकून आणखी कवी आमच्याकडे आले, आणि विक्रीची बोलणी तिथेच थांबली.

पुस्तक काढणाऱ्यांना आमचं सांगणं आहे. प्रकाशनाची तारीख पुस्तकं हातात आल्यावर ठरवा. मुखपृष्ठ करण्याआधी नॅशनल लायब्ररी सर्व्हिसकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक घ्या, म्हणजे बारकोड नंतर चिकटवावा लागत नाही. 96 पानांची पाठ जेमतेम पाच मिलिमीटर असते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव टाकायचा हट्ट धरू नका, अर्धा मिलिमीटर सरकलं तरी अक्षर पुढच्या बाजूला उतरतं. लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठं मोंबासाच्या दमट हवेत वाकतात. तिकडे जाणाऱ्या प्रती प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून, आडव्या पाठवा. गोंदाची पुस्तकं गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. विक्रीच्या टेबलावर एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे घ्यायचा टिल नंबर मोठ्या अक्षरांत लावा, सुट्ट्या पैशांत रांग अडते. आणि पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी रजिस्ट्रारकडे द्यायच्या दोन प्रती आधीच बाजूला काढा. कार्यक्रमानंतर त्या उरत नाहीत.

म्वालिमूंच्या संग्रहाच्या प्लेटा गोंद लावून, मध्ये कागद घालून ठेवल्या आहेत. दुसरी आवृत्ती ऑगस्टनंतर, हवा उबदार झाली की घेऊ.